फोंतव्रो: जिथं पुरुषांवर बाईचा हुकूम चालला

पश्चिम फ्रान्समधला आंजू प्रांत. लुआर नदीपासून जवळच, झाडीत, फोंतव्रोचा मठ उभा आहे.

११०१ च्या सुमाराला रोबेर द आर्ब्रिसेल नावाचा फिरता धर्मोपदेशक इथं येऊन थांबला. पाय अनवाणी, कपडे फाटके, आणि मागं माणसांचा लोंढा. त्यात सरदारांच्या लेकीसुना होत्या, वेश्या होत्या, महारोगी होते. बाया-पुरुष एकत्र हिंडतात, हे काही बिशपांना खटकत होतं. इथं मठ झाला. स्त्रियांचं घर वेगळं, पुरुषांचं वेगळं, महारोग्यांचं वेगळं.

स्त्री-पुरुषांचे असे जोडमठ युरोपात आधीही होते. वेगळं घडलं ते १११५ मध्ये. रोबेरनं साऱ्या मठाची सूत्रं एका स्त्रीच्या हाती दिली. मठातल्या पुरुषांनी, धर्मगुरूंनीसुद्धा, तिची आज्ञा पाळायची. शिवाय मठाधिपती होणारी बाई लहानपणापासून मठाच्या भिंतीआड वाढलेली त्याला नको होती. जमिनी सांभाळायच्या, सरदारांशी बोलणी करायची, तर जगाचे टक्केटोणपे खाल्लेलीच हवी. निवड झाली पेत्रोनिल द शेमिये हिची. खानदानी घरातली विधवा.

लवकरच रोबेर वारला, तोही दूर, ओर्सांच्या मठात. त्या भागाचा मुख्य बिशप, बूर्जचा आर्चबिशप, देह सोडायला तयार होईना. का होईल? संताचा देह असेल तिथं भाविक येतात आणि देणग्याही येतात. पेत्रोनिल हटली नाही. देह घेऊनच परतली. हृदय तेवढं ओर्सांला राहिलं.

आता खरी गंमत. आपल्याला फोंतव्रोच्या चिखलात, गोरगरीब आणि रोग्यांच्या शेजारी पुरावं, अशी रोबेरची इच्छा होती. पेत्रोनिलनं त्याला पुरलं चर्चमध्ये, मुख्य वेदीजवळ. व्यवहार जाणणारी बाई त्यानंच निवडली होती! तिनं त्याचं चरित्रही लिहवून घेतलं, आंजेच्या बिशपाशी हक्कांसाठी वाद घातला, आणि ११४९ पर्यंत मठ चालवला.

तिच्यामागून आली मातिल्द, आंजूच्या काउंटची मुलगी. १११९ मध्ये, पोरवयातच, तिचं लग्न इंग्लंडच्या राजपुत्र विल्यमशी झालं. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात ‘व्हाइट शिप’ नावाचं जहाज बुडालं आणि त्यात विल्यम गेला. मातिल्द दुसऱ्या जहाजावर होती म्हणून वाचली. पुढं ती फोंतव्रोची संन्यासिनी झाली. विधवा खरी, पण संसार असा तिनं काय पाहिला होता? रोबेरच्या अटीत ती कशीबशीच बसली असती. मात्र तिचा भाऊ आंजूचा काउंट होता, आणि भाचा पुढं इंग्लंडचा राजा झाला, दुसरा हेन्री. एवढं गोत असल्यावर अटीचं कोण विचारतो? ११८९ मध्ये तो हेन्री इथंच पुरला गेला. मग त्याचा मुलगा रिचर्ड, आणि १२०४ मध्ये हेन्रीची राणी एलिनॉर.

मठातले पुरुष हे सगळं मुकाट्यानं सोसत होते असं मात्र नाही. सतराव्या शतकात त्यांनी उघड बंड केलं. तेव्हा मठाच्या गादीवर होती जान-बातिस्त द बूर्बाँ. प्रकरण राजाच्या कौन्सिलपुढं गेलं आणि निकाल तिच्या बाजूनं लागला. राजा होता तेरावा लुई, तिचा सावत्र भाऊ.