चार बोटे अंतर

श्रोतेहो, नमस्कार. भोसरीच्या एका कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या रोबोंची देखभाल करत मी नोकरीची पहिली वर्षे काढली. तिथला नियम सरळ होता: यंत्राचा हात ठरलेल्या रेषेवरून केसभरही ढळता कामा नये आणि यंत्र चालू असताना माणसाने जाळीच्या आत पाऊल टाकता कामा नये. पुढे २००५ साली अमेरिकेच्या वाळवंटातील शर्यतीत पाच गाड्यांनी चालकाविना सुमारे २१२ किलोमीटरचा मार्ग पुरा केला. आदल्या वर्षीच्या शर्यतीत एकही गाडी शेवटपर्यंत पोहोचली नव्हती. ती बातमी वाचून मी नोकरी सोडली आणि स्वायत्त यंत्रांच्या संशोधनाकडे वळलो.

पुनर्वसनाच्या, म्हणजे आजाराने गेलेली हालचाल रुग्णाला परत मिळवून देण्याच्या क्षेत्रात मला आणले ते सदाशिव पेठेतल्या एका आजींनी. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. मनगटाला पट्टा बांधून टेबलावर हात पुढे-मागे नेणारे एक यंत्र मी बनवले होते. पडद्यावर रेषा अगदी आखल्यासारखी सरळ उमटत होती आणि मी खुशीत होतो. तेवढ्यात फिजिओथेरपिस्टबाईंनी मला खुणावले. आजी चक्क डुलक्या घेत होत्या आणि हात बिनचूक फिरत होता! बाई म्हणाल्या, "व्यायाम तुमच्या मोटारीला होतोय, आजींना नाही." आवाजाने जाग्या झालेल्या आजींनी विचारले, "झालं का तुमचं?"

मेंदू पुन्हा शिकतो तो रुग्णाने स्वतः धडपड केली तर. पुन्हा सांगतो, धडपड रुग्णाची हवी. म्हणून यंत्राला नमते घेता आले पाहिजे. अमेरिकेतील संशोधक नेव्हिल होगन यांनी १९८५ मध्ये मांडलेली नियंत्रणपद्धती नेमकी हीच सोय करते: मोटार स्प्रिंगसारखी वागते, हात रेटला तर मागे सरते आणि अडला तरच हलका आधार देते.

काही महिन्यांनी त्याच टेबलाशी आजी पुन्हा बसल्या. या वेळी मोटार थांबून राहिली. बऱ्याच वेळाने हात जेमतेम चार बोटे सरकला आणि पडद्यावरची रेषा पार वेडीवाकडी आली. "आज मात्र दमले हो," असे म्हणत आजींनी डाव्या हाताने पदर घेऊन कपाळ पुसले.