डॉक्टर येईपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार. आज घरोघरी औषधांच्या डब्यात पडून असलेला थर्मामीटर एके काळी केवळ डॉक्टरांनीच हाताळायचे साधन होते, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी रक्तदाब मोजणे हेही त्यांचेच काम मानले जाई. ही कामे यथावकाश परिचारिकांकडे आली. परंतु मोजणे तिचे आणि ठरवणे डॉक्टरांचे, ही वाटणी दीर्घकाळ टिकली.

ती वाटणी कशी मोडली, याचा माझा आवडता प्रसंग १९६० च्या दशकाच्या आरंभीचा, फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयातला आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्यांसाठी डॉ. लॉरेन्स मेल्ट्झर यांनी तेथे स्वतंत्र विभाग उभारला आणि रोझ पिनिओ यांनी तेथील परिचर्येची धुरा सांभाळली. अशा रुग्णाच्या हृदयाचे कप्पे अचानक नुसते थरथरू लागले, तर विजेचा शॉक काही मिनिटांतच द्यावा लागतो. त्या मिनिटांत खाटेजवळ असते ती परिचारिका. डॉक्टर अनेकदा दुसऱ्या मजल्यावर किंवा घरी असतात. म्हणून परिचारिकांना हृदयाचा आलेख वाचायला शिकवले गेले. पडद्यावरची रेघ वेडीवाकडी झाली की प्रथम रुग्णाकडे पाहायचे, कारण छातीवरची तार निसटली तरी रेघ तशीच नाचते. रुग्ण बोलत असेल तर तार नीट लावायची, आणि तो बेशुद्ध असून नाडी लागत नसेल तर शॉक देणाऱ्या यंत्राची जेली लावलेली दोन पॅडल, म्हणजे हातात धरायच्या चकत्या, छातीवर टेकवून, खाटेला कोणाचा स्पर्श नाही याची खात्री करून शॉक द्यायचा. डॉक्टरांना निरोप जाई, पण त्यांची वाट पाहायची नसे. पुन्हा सांगतो, वाट पाहायची नसे. निदान तिचे, निर्णय तिचा आणि शॉक देणारा हातही तिचाच.

आपल्याकडे हीच निकड अतिदक्षता विभागाइतकीच खेड्यातील उपकेंद्रावरही जाणवली. गरोदर स्त्रीचा रक्तदाब वाढून तिला आकडी आली, तर मोठे रुग्णालय गाठेपर्यंत उशीर होतो. केंद्र सरकारच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रशिक्षित नर्सबाई अशा स्त्रीला मॅग्नेशियम सल्फेट या आकडी रोखणाऱ्या औषधाची पहिली मात्रा, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, स्वतःच देऊ शकते आणि मगच तिला पुढे पाठवते. जबाबदारी वाढली, हे योग्यच झाले. परंतु त्याच नर्सबाईकडे लसीकरण आणि नोंदवह्यांचा ढीगही ठेवायचा, हे मला पटत नाही. मात्रा किती दिली आणि किती वाजता दिली, हे तिने रुग्णासोबतच्या चिठ्ठीवर लिहावेच लागते, कारण पुढची मात्रा त्या नोंदीवरूनच ठरते.