न्यायाधीशांनी न सांगता यावं

(पडद्यावर: आर्थर रोड तुरुंगाची बाहेरची भिंत, फाटकाशी थांबलेले नातेवाईक)

मे 1982. पत्रकार शीला बारसे बॉम्बे सेंट्रल जेलमध्ये, म्हणजे याच आर्थर रोड तुरुंगात, 15 महिला कैद्यांना भेटल्या. परवानगी रीतसर होती, तुरुंग महानिरीक्षकांची. त्या 15 पैकी 5 जणींनी सांगितलं, पोलीस कोठडीत आम्हाला मारहाण झाली. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं.

अटक केलेल्या माणसाला 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायचं, हा नियम तेव्हाही होता. पण हजर करतं कोण? पोलीसच. बाई पिंजऱ्यात उभी, चार पावलांवर तिला घेऊन आलेला हवालदार. कोठडी वाढवून मिळाली तर त्याच्याच गाडीतून त्याच ठाण्यात परत जायचं. अशा वेळी कुणी विचारलंच, "मारहाण वगैरे झाली का?" तर ती मान खाली घालून "नाही" म्हणणार. कागदावर "तक्रार नाही" अशी नोंद होणार. त्या नोंदीवर विसंबून राहणं हा मला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो.

सर्वोच्च न्यायालय विसंबून राहिलं नाही. मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना न्यायालयानं तुरुंगात पाठवलं. अट एकच, कैद्यांशी बोलताना तिथे दुसरं कुणी हजर नको.

15 फेब्रुवारी 1983 ला निकाल लागला. खंडपीठात न्यायमूर्ती पी. एन. भगवती होते. महिलांसाठी वेगळ्या कोठड्या, तिथे पहारा महिला पोलिसांचा, चौकशी महिला पोलिसांच्या समोरच. अटकेची खबर जवळच्या कायदेविषयक साहाय्य समितीला लगेच द्यायची. अटक झालेल्या माणसाचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावायचे.

आणि मग आलं ते कलम, ज्यासाठी ही फिल्म आम्ही करतो आहोत. मुंबईच्या शहर दिवाणी न्यायालयाच्या प्रधान न्यायाधीशांनी एका सत्र न्यायाधीशाची नेमणूक करायची, शक्यतो महिला न्यायाधीशाची. त्यांनी शहरातल्या पोलीस कोठड्यांना वरचेवर, अचानक भेटी द्यायच्या. कैद्यांचं गाऱ्हाणं ऐकायचं. चूक दिसली तर पोलीस आयुक्तांना कळवायचं, गरज पडली तर गृह खात्याला. तिथेही दाद लागली नाही, तर थेट उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना.

"अचानक" हा शब्द या आदेशाचा प्राण आहे. साहेब सोमवारी येणार हे शुक्रवारी कळलं, की फरशा धुतल्या जातात, जेवण सुधारतं आणि ज्याच्या अंगावर वळ आहेत तो कैदी नेमका त्या दिवशी दुसरीकडे हलवलेला असतो.

(पडद्यावर: दिल्ली, तिहार तुरुंगाचं प्रवेशद्वार)

न्यायाधीशांनी स्वतः आत जाऊन पाहायचं, हा विचार मुंबईत पहिल्यांदा आलेला नव्हता. तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेला सुनील बत्रा एकांत कोठडीत होता. त्याच्या याचिकेच्या निमित्तानं 1978 साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्वतः तिहारमध्ये गेले. पुढे याच बत्रानं न्यायालयाला पत्र पाठवलं. स्वतःसाठी नाही, दुसऱ्या एका कैद्यासाठी, ज्याचा वॉर्डरनं, म्हणजे तुरुंगातल्या पहारेकऱ्यानं, अमानुष छळ केला होता. न्यायालयानं डॉ. वाय. एस. चितळे आणि मुकुल मुद्गल या वकिलांना आत जाऊन शहानिशा करायला सांगितलं.

डिसेंबर 1979 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालात लिहून ठेवलं, की जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांनी आपल्या हद्दीतल्या तुरुंगांना भेटी द्यायच्या. तुरुंगात तक्रारपेट्या ठेवायच्या आणि त्या दंडाधिकारी व सत्र न्यायाधीशांच्या देखरेखीखाली उघडायच्या. पेटीची किल्ली जेलरकडेच राहिली, तर जेलरविरुद्ध चिठ्ठी टाकणार कोण?

(पडद्यावर: तुरुंगातली नोंदवही, रकान्यांवरून सरकणारा कॅमेरा)

3 ऑक्टोबर 2024. पुन्हा एका महिला पत्रकाराच्या, सुकन्या शांता यांच्या, याचिकेवर निकाल. या वेळी प्रश्न जातीचा. तुरुंगात स्वयंपाक कुणी करायचा आणि संडास कुणी साफ करायचे, हे जात पाहून ठरवणारे नियम सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवले. नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितला. हे पाळलं जातं का, याच्या पाहणीचं काम आलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण (गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणारी यंत्रणा) आणि तुरुंगाचं अभ्यागत मंडळ (तुरुंगाला भेट देऊन पाहणी करणारं मंडळ) यांच्याकडे, दोघांनी मिळून. या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात जिल्हा न्यायाधीश.

म्हणजे आज फाटक उघडायला लावण्याचा अधिकार न्यायाधीशांकडे आहे. मात्र बराकीत शिरल्यावर अधीक्षकांना बाहेर थांबायला सांगावं लागतं. कैद्याशी त्याला समजेल त्या भाषेत बोलावं लागतं. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून अडकलेले किती, हे नावांनिशी विचारावं लागतं. महिनाभरानं त्याच कैद्याला पुन्हा भेटावं लागतं, कारण तक्रार केल्याची शिक्षा त्याला मधल्या काळात मिळालेली असू शकते.

या पाहणीचे अहवाल जिल्ह्यातून राज्याकडे आणि तिथून दिल्लीला जायचे आहेत. आमची मागणी आहे, की महाराष्ट्रातल्या प्रत्येक तुरुंगाचा अहवाल, कैद्यांची नावं झाकून, मराठीतून लोकांसमोर ठेवावा. फाटकाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या आईला तो वाचता आला पाहिजे.