पतीचा आकडा

क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज देताना तुमच्यावर किती भरवसा ठेवावा ते सांगणारा आकडा, त्याला मराठीत काय म्हणायचं, असं या भाषणाच्या आयोजकांनी मला विचारलं. मी म्हटलं, पतीचा आकडा. हसू नका. ‘पत’ या शब्दाचं रूप तसंच होतं, त्याला माझा इलाज नाही. आणि गंमत म्हणजे त्या दुसऱ्या अर्थातही इतिहास आहेच. अमेरिकेत १९७४ साली कर्जाच्या समान संधीचा कायदा झाला. त्याआधी बाई स्वतः कमावती असली, तरी कर्ज मागायला गेल्यावर अनेक ठिकाणी तिला नवऱ्याची सही आणायला सांगत.

त्याच्याही मागे गेलं, तर पत म्हणजे निव्वळ लोक काय बोलतात ते. १८४१मध्ये न्यूयॉर्कला लुईस टॅपन नावाच्या व्यापाऱ्यानं एक संस्था काढली. तिचे बातमीदार ठिकठिकाणच्या व्यापाऱ्यांविषयी लिहून कळवत: धंदा कसा चाललाय, माणूस सचोटीचा आहे का, दारू पितो का. नाव एकदा कानफाट्या पडलं की पडलं. १९५६ साली बिल फेअर हा अभियंता आणि अर्ल आयझॅक हा गणिती यांनी हाच अंदाज गणितानं बांधायला घेतला. त्यांच्या कंपनीचा, आपण आज ‘फायको’ म्हणतो तो स्कोअर १९८९मध्ये आला. तो ३०० ते ८५०च्या पट्टीत असतो. भारतात सिबिल, म्हणजे लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणारी संस्था, तिची पट्टी ३०० ते ९०० आहे.

पट्टी कुठलीही असो, ती मोजते एकच गोष्ट: हा माणूस हप्ता चुकवण्याची शक्यता किती. तुमचा पगार, बँकेतली शिल्लक, स्वभाव यांतलं काही फायकोच्या हिशेबात नाही. त्यामुळे ज्यानं जन्मात कधी कर्जच घेतलं नाही, त्याला चांगला स्कोअर मिळत नाही, बहुधा स्कोअरच मिळत नाही. मला हे आजही खटकतं. पण ज्याची नोंदच नाही, त्याच्याबद्दल यंत्र बोलणार तरी काय?

फायकोत ३५ टक्के वजन वेळेवर फेडीला, आणि ३० टक्के सध्याच्या देण्याला. लोक फसतात ते या दुसऱ्यात. समजा, क्रेडिट कार्डाची मर्यादा एक लाख आहे. तुम्ही महिन्याला ९० हजार वापरता आणि शेवटच्या तारखेच्या आत पैन् पै भरता. तरी स्कोअर घसरू शकतो. कारण कार्डवाले साधारणपणे बिल निघतानाचा आकडा नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला कळवतात, आणि त्या दिवशी तुमची ९० टक्के मर्यादा वापरलेली असते. बिल निघण्याआधीच थोडे भरले, तर हीच गोष्ट वेगळी दिसते. जुनं कार्ड बंद करण्याचंही तसंच. एक लाखाचं एक आणि पन्नास हजारांचं दुसरं अशी दोन कार्डं आहेत, वापर तीस हजार. म्हणजे २० टक्के. मोठं कार्ड ‘नको ती कटकट’ म्हणून बंद केलंत, की तोच वापर ६० टक्के झाला. खर्च तेवढाच.

आता याचा रोजच्या जगण्याशी संबंध काय? वीस वर्षांच्या कर्जाला साडेआठऐवजी साडेनऊ टक्के व्याज लागलं, तर दर लाखामागे सुमारे पंधरा हजार जास्त जातात. काही देशांत घर भाड्यानं देणारेही तुमचा पत-अहवाल, म्हणजे कर्ज आणि फेडीच्या नोंदी, पाहतात. जामीन राहिलात, तर दुसऱ्याच्या थकबाकीचा डाग तुमच्यावरही पडू शकतो. सही करताना तेवढं कुणी सांगत नाही. स्वतःचा स्कोअर स्वतः पाहिल्यानं मात्र तो कमी होत नाही. ती भीती सोडा आणि नुसता आकडा पाहू नका, अख्खा अहवाल वाचा.

मी माझा वाचला, तेव्हा आठ वर्षांपूर्वी फेडलेलं कर्ज त्यात चालू दाखवलेलं होतं. कर्ज देणाऱ्यानं ते बंद झाल्याचं कळवलंच नव्हतं. तक्रार केली, तर म्हणाले पुरावा द्या. ‘बाकी नाही’ असा दाखला मी कधीच रद्दीत टाकला होता. तो रद्दीतून काढून बायकोनं तिच्या फायलीत लावून ठेवला होता. तेव्हा पतीचा आकडा आमच्या घरी पत्नीनं सांभाळला.