राजा आणि विलोसा यांच्या मधल्या पट्ट्यातली घटपर्णी

श्रोतेहो, बोर्निओ बेटावरच्या साबा राज्यात किनाबालू नावाचा ४०९५ मीटर उंचीचा पर्वत आहे. त्याच्या उतारावर एक घटपर्णी, म्हणजे पानांना लटकणाऱ्या कलशांत कीटक पकडणारी वनस्पती, वाढते, जी कोणी लावली नाही की मुद्दाम संकर करून घडवली नाही. नेपेंथिस किनाबालुएन्सिस हे तिचे नाव. १९१० साली लिलियन गिब्ज या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी हा डोंगर चढताना तिचा नमुना गोळा केला होता.

तिचे जनक म्हणजे नेपेंथिस राजा आणि नेपेंथिस विलोसा. राजाचे वास्तव्य साधारण २६५० मीटरपर्यंत, तर विलोसाचे साधारण २३०० मीटरपासून वर. त्यामुळे जिथे दोघींच्या हद्दी एकमेकींत शिरतात, त्याच पट्ट्याच्या आसपास हा संकर सापडतो. घटपर्णीत नरफुले एका झाडावर आणि मादीफुले दुसऱ्या झाडावर येतात, म्हणजे स्वतःच्या परागाने बी धरण्याची सोयच नाही. पराग आणणाऱ्या कीटकाला मात्र जातींची हद्द ठाऊक नसते. शिवाय ज्या जातींची गुणसूत्रे मोजली गेली, त्यांत ती ८० अशी सारखीच आढळली, आणि त्यामुळे दोन जातींची संतती बहुधा वांझ निघत नाही. खेचराचे उदाहरण इथे देऊ नये, ते दिशाभूल करते.

आता हे झाड जवळून पाहू. ज्या तारेसारख्या प्रतानाला पुढे कलश लटकतो, ते बहुतेक घटपर्णींत पानाच्या अगदी टोकातून निघते. राजाचे प्रतान टोकाच्या बरेच आधी, पानाच्या खालच्या बाजूने फुटते, आणि या संकरात ते टोकापासून थोडेसेच मागे असते. मला विचाराल तर ओळखीची सर्वांत भरवशाची खूण हीच. कलशाच्या ओठावरही मिश्रण दिसते: विलोसाच्या ओठावर उंच, धारदार, दातेरी कडा असतात, राजाच्या कडा बुटक्या, तर इथे त्या उठावदार पण विलोसाइतक्या तीक्ष्ण नाहीत. विलोसाची दाट तपकिरी लवही इथे विरळ होऊन उतरते. कलश मात्र मोठा; राजाच्या कलशात तीन लिटरहून अधिक द्रव मावल्याची नोंद आहे, तेव्हा तो वारसा कुठून आला हे सांगायला नको.

काही अभ्यासकांनी हिला संकर न म्हणता स्वतंत्र जात मानले, आणि त्यात तथ्य नाही असे मला म्हणवत नाही, कारण ती सुपीक आहे. तरीही तिचे जनक आजही शेजारीच उभे आहेत, नवे संकर पुन्हा जन्मू शकतात, आणि तिचा जनकांशी परत संकर होण्याची वाट मोकळी आहे. म्हणून मी तिला संकरच म्हणतो. याच पर्वतावर थोडे खाली उतरले, की राजाचा बर्बिजी नावाच्या दुसऱ्या घटपर्णीशी झालेला संकर भेटतो.