रॅमचा वेग वाढवा, पण तपासणी मे महिन्यातल्या दुपारी करा

नमस्कार. सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत आत्ता दुपारचे अडीच वाजले आहेत, वरचा पत्रा तापलेला आहे, आणि रॅमच्या (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या) ओव्हरक्लॉकिंगविषयी, म्हणजे ती प्रमाणित वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याविषयी, बोलण्यासाठी मी हीच वेळ मुद्दाम निवडली आहे.

(रॅमची पट्टी कॅमेऱ्याजवळ धरून) या लेबलवर डीडीआर४ (रॅमची पिढी), ३६०० (वेग), सीएल १८ (माहिती मागितल्यापासून मिळेपर्यंत जाणारे घड्याळाचे ठोके) आणि १.३५ व्होल्ट असे छापलेले आहे. तरीही ही पट्टी बसवून संगणक नुसता सुरू केला, तर ती ३६०० वर चालत नाही. जेडेक या संस्थेने ठरवलेल्या वेगाने, म्हणजे २१३३ ते ३२०० यांपैकी एखाद्या आकड्यावर, १.२ व्होल्टने चालते. छापील वेग हवा असेल तर बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) एक्सएमपी, म्हणजे पट्टीतच साठवलेले छापील वेगाचे प्रोफाइल, चालू करावे लागते, आणि आपण त्याला नुसते 'सेटिंग' म्हणत असलो तरी ते ओव्हरक्लॉकिंगच असते. इंटेलच्या एच६१० चिपसेटचा (बोर्डावरच्या नियंत्रक चिपचा) डीडीआर४ मदरबोर्ड असेल, तर ३२०० च्या पुढे जाताच येत नाही. तेव्हा दुकानदार काहीही म्हणो, महागडी रॅम घेऊ नका.

केवळ मोठ्या आकड्याला भुलण्यातही अर्थ नाही. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की विलंब नॅनोसेकंदांत मिळतो: ३२०० ला सीएल १६ असो किंवा ३६०० ला सीएल १८, उत्तर १० च येते. वाढते ती बँडविड्थ, म्हणजे एका सेकंदात ये-जा करणारी माहिती. एएमडीच्या रायझन ५००० प्रोसेसर मालिकेत ३६०० वर रॅमचे घड्याळ १८०० मेगाहर्ट्झने (एका ठोक्यात दोनदा माहिती जाते, म्हणून निम्मे) आणि प्रोसेसरमधले इन्फिनिटी फॅब्रिक, म्हणजे त्याचे भाग जोडणारी वाट, हेही १८०० नेच चालते. हा मेळ तुटला की वेग वाढवूनही विलंब वाढतो.

आता माझी चूक सांगतो. डिसेंबरमध्ये मी हीच पट्टी ३८०० वर चढवली, विंडोज सुरू झाले, गेम चालले, आणि मी निर्धास्त झालो. एप्रिलमध्ये चुलतबहिणीच्या लग्नाचे फोटो दुसऱ्या डिस्कवर हलवले आणि मूळ प्रती पुसून टाकल्या. नंतर पाहतो तर (फोटो दाखवत) वर मुंडावळ्या स्वच्छ दिसतात आणि खालचा अर्धा भाग राखाडी पट्ट्यांनी भरलेला आहे. संगणक एकदाही बंद पडला नव्हता. रॅममधली चूक आरडाओरडा करत नाही, ती गुपचूप फाइलमध्ये जाऊन बसते.

त्याचे कारण उष्णतेत आहे. रॅममधला प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधल्या विद्युतभाराच्या रूपात असतो, तो भार सतत गळत असतो, आणि म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो ताजा करावा लागतो. तापमान वाढले की गळती वाढते. त्यातच टायमिंग (सीएलसारखे विलंबाचे आकडे) आवळलेले असेल, तर डिसेंबरच्या सकाळी उत्तीर्ण झालेली पट्टी मेच्या दुपारी नापास होते.

म्हणून सर्वप्रथम बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. त्यानंतर वेग एका वेळी एकच पायरी वाढवा, व्होल्टेज १.४ च्या आतच ठेवा, आणि प्रत्येक पायरीला पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एवढ्यावर थांबू नका: विंडोजमध्ये टेस्टमेम५ हा तसाच दुसरा प्रोग्रॅम चालू असताना ग्राफिक्स कार्डालाही काम द्या, कारण त्याची गरम हवा थेट रॅमच्या अंगावर येते. एक चूकसुद्धा चालवून घ्यायची नाही. अर्ध्यात वीज गेली तर तपासणी पहिल्यापासून करायची.

पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. डीडीआर५ (पुढच्या पिढीची रॅम) असेल तर मेमरी ट्रेनिंगला, म्हणजे बोर्डाने रॅमशी जुळवून घेण्याला, काही मिनिटे लागतात, तेवढे थांबा. तरीही काही दिसले नाही, तर वीजपुरवठा तोडून बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी थोडा वेळ काढून ठेवा, म्हणजे बायॉस मूळ सेटिंगवर येते.

(स्क्रीनकडे वळून) इथे चौथी फेरी संपली आहे, चुकांच्या रकान्यात शून्य आहे, आणि वेग ३६०० आहे. ३८०० चा नाद मी सोडून दिला.