तुरुंगातून सुटलेले पहारेकरी

श्रोतेहो, नमस्कार. उद्योजक कसा वागतो आणि त्याच्या हाताखालची माणसं काय शिकतात, यावर आज थोडं बोलू. उदाहरण घरचंच आहे, लक्ष्मणराव किर्लोस्करांचं.

मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत ते शिक्षक होते. बढती डावलली गेली म्हणून नोकरी सोडली. बेळगावात सायकली विकल्या, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करायला घेतले. लोखंडानं जमीन विषारी होते, असं शेतकरी म्हणायचे. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली! पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ दिला. 1910 साल. जिकडे बघावं तिकडे निवडुंग आणि नाग.

आता मला आवडते ती गोष्ट. माळावर कारखाना उभा राहिला, आजूबाजूला कामगारांची बिऱ्हाडं आली, किर्लोस्करवाडी वसली. कच्चं लोखंड, हत्यारं, तयार माल, सगळं तिथंच. रात्री राखायचं कुणी? लक्ष्मणरावांनी पहाऱ्यावर कुणाला ठेवलं असेल? शिक्षा भोगून तुरुंगातून सुटलेल्या माणसांना! होय, तुरुंगातून सुटलेल्यांना. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, ही म्हण आपल्याला पाठ आहे. लक्ष्मणरावांनी ती उलटी चालवून पाहिली. ज्याला गावात कुणी ओसरीवर बसू देत नाही, त्याच्या हाती कंदील आणि काठी देऊन सांगायचं, आता तू राखायचं. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, हेही त्यांनीच ठरवलं, आणि तेही त्या काळात. त्याच औंध संस्थानात पुढे 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत झाली. भिंत नाही, कुंपण नाही. त्या मातीतच काहीतरी असावं!

नाहीतर हल्लीची ऑफिसं बघा. भिंतीवर ‘विश्वास’ असं मोठ्या अक्षरात, आणि खाली अंगठा लावायचं यंत्र. दोन मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापला. असो.

पहारेकऱ्यांचा आणि शिकण्याचा संबंध काय, असं विचाराल. ओतशाळेत, म्हणजे वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओततात तिथं, साच्याची वाळू जास्त ओली राहिली की ओतकामात भोकं पडतात. दटावणारा मालक असेल, तर पोरगा तो तुकडा भंगारात लपवतो, आणि उद्या दुसरा पोरगा तशीच ओली वाळू भरतो. मालक विश्वास टाकणारा असेल, तर तुकडा मिस्त्रीच्या टेबलावर येतो, आणि वाळूत पाणी किती घालायचं ते साऱ्या खात्याला कळतं. पुन्हा सांगतो, तुकडा लपला की शिकणं थांबलं.

वाडीचं नाव रेल्वे स्टेशनलाही मिळालं. आधी ते कुंडल रोड होतं. 1920 साली वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ मासिक निघालं, पण त्याच्याबद्दल पुढच्या खेपेला. नमस्कार.